तो, ती, ते आणि डेर, डी, डास: जर्मनीला शिकायला निघण्याआधी

कुडाळहून इंजिनिअरिंगला पुण्यात आले तेव्हा माझा मालवणी हेल ऐकून मेसमधली मुलं हसायची. दोन महिन्यांत मी तो लपवायला शिकले. पाच वर्षांनी स्टुटगार्टच्या एका स्वयंपाकघरात तीच मालवणी माझ्या कामी आली. कशी, ते पुढे सांगते.

ज्यांना जर्मनीत मास्टर्स करायचं आहे, ज्यांचा अभ्यासक्रम इंग्रजीतून आहे आणि ज्यांना कुणीतरी 'तिथे सगळ्यांना इंग्रजी येतं, जर्मन कशाला?' असं सांगितलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. इंग्रजी येतं की! प्राध्यापकांना येतं, वर्गातल्या मुलांना येतं. घरमालकाला, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला, विम्याच्या पत्राला आणि जिन्यात भेटणाऱ्या शेजारीणबाईंना येतंच असं नाही. आणि दिवसातले वर्गाबाहेरचे अठरा तास यांच्यातच जातात.

पायरी १: कॅलेंडर उलटं मांडा

हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं, तासिका साधारण ऑक्टोबरच्या मध्याला. बऱ्याच विद्यापीठांची अर्जाची मुदत १५ जुलै असते, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी अभ्यासक्रमांची कित्येकदा त्याच्या काही महिने आधीच संपते. त्यामुळे तारीख त्या अभ्यासक्रमाच्या स्वतःच्या पानावरूनच घ्या, मित्राच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून नको.

नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना व्हिसाच्या आधी एपीएस प्रमाणपत्र लागतं. तुमची पदवी, गुणपत्रिका खऱ्या आहेत ना, हे दिल्लीतलं जर्मन दूतावासाचं हे केंद्र तपासतं. इथे मराठी मुलांची एक खास अडचण होते. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर वेगळाच क्रम, आणि एखाद्याचा आडनावाचा रकाना चक्क कोरा. चार कागदांवर चार माणसं असल्यासारखं दिसतं. पासपोर्ट अजून काढायचा असेल तर आडनाव त्याच्याच रकान्यात घाला आणि स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळवा. नंतर दुरुस्ती करायला गेलात तर महिना जातो.

पैशाचं थोडक्यात. व्हिसासाठी वर्षभराचा खर्च एका गोठवलेल्या खात्यात दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे आणि त्यातून दरमहा ९९२ युरो तुमच्या हातात येतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, पण स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे वाक्य घरी सांगण्याआधी राज्याचा नकाशा बघा.

एक सावधगिरीची सूचना नातेवाईकांसाठी. तिकडे १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे कसंबसं पास. माझ्या काकांना 'मला १.७ मिळाले' असं अभिमानाने सांगितलं, तर ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, 'हरकत नाही, पुढच्या वेळी बघू.'

या सगळ्यातून मागे मोजत गेलात की जर्मनचा क्लास निघायच्या पंधरा महिने आधी सुरू व्हायला हवा. व्हिसा लागल्यावर दोन महिन्यांत शिकू, असं म्हणणारे दोन महिने बॅग भरण्यात आणि भेटीगाठींत घालवतात. मी त्यांच्यातली एक होते, ए१ ही सर्वात खालची पातळी करून गेले आणि पहिला हिवाळा मुक्यासारखा काढला.

पायरी २: क्लास, आणि कुठवर

पुण्यात बोट क्लब रोडला आणि मुंबईत काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवन आहे. जगभर ज्याला गोएथे इन्स्टिट्यूट म्हणतात, त्याला भारतात ऋग्वेदाची आवृत्ती काढणाऱ्या मॅक्स म्युलर यांचं नाव दिलंय. गंमत अशी की ते स्वतः कधीच भारतात आले नाहीत. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग कलिन्याला. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून जर्मनची चर्चा पुण्या-मुंबईबाहेरही ऐकू येते.

पातळ्या सहा: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. माझ्या हिशेबात ए१ म्हणजे भाव विचारता येणं आणि बी१ म्हणजे भाव का वाढला यावरून भांडता येणं. निघताना बी१ हातात असू द्या. शून्यापासून तिथवर पोचायला ४५ मिनिटांच्या साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात, म्हणजे आठवड्याला दहा धरल्या तर आठ महिने ते सव्वा वर्ष. परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात आणि पास व्हायला ६० टक्के लागतात. आपली मुलं लेखनात तरतात आणि श्रवणात बुडतात, कारण आपण डोळ्यांनी शिकतो. रोज वीस मिनिटं बातम्या ऐका, कळो न कळो.

पायरी ३: जर्मन मराठीतून शिका

बहुतेक क्लासमध्ये जर्मन इंग्रजीच्या आधाराने शिकवतात. शिक्षक इंग्रजीत समजावतात, आपण वहीत इंग्रजी अर्थ लिहितो, आणि इंग्रजीत जे नाही ते सगळं 'अवघड' ठरतं. त्यातलं निम्मं मराठीत जन्मापासून असतं!

लिंगापासून सुरू करा. जर्मनमध्ये तीन: डेर, डी, डास. हिंदीवाली मुलं कपाळाला हात लावतात, त्यांच्याकडे दोनच. आपल्याकडे तो, ती, ते आहेतच. तो दरवाजा, ती खिडकी, ते दार. दरवाजा आणि दार एकच वस्तू, तरी लिंगं दोन, आणि कुणी 'का?' विचारलं तर आपल्याला उत्तर येत नाही. जर्मन माणसालाही येत नाही.

आता ती स्वयंपाकघरातली गोष्ट. माझी घरसोबतीण जॉर्जियाची होती. तिच्या भाषेत लिंगभेद मुळीच नाही. 'मेडशन' म्हणजे मुलगी, आणि मुलगी नपुंसकलिंगी, 'डास मेडशन', हे कळल्यावर ती पुस्तक आपटून म्हणाली, ही भाषा बायकांना वस्तू समजते. मला मात्र माझी आजी आठवली. अंगणातून हाक मारायची: 'ता चेडू खंय गेला?', म्हणजे ती मुलगी कुठे गेली? मालवणीत आणि गोव्याच्या कोंकणीत चेडू नपुंसकलिंगीच. जे लहान, जे लाडकं, ते 'ते': लेकरू, वासरू, कोकरू, पिल्लू. जर्मनमध्येही शब्दाला 'शन' हा लहानपणाचा प्रत्यय लागला की तो 'डास' होतो, आणि स्टुटगार्टकडच्या श्वेबिश बोलीत 'ल' लागला तरी तेच. मी तिला हे समजावलं, आजीसकट. ती 'डास' पुन्हा चुकली नाही. जो हेल मी पुण्यात लपवला होता, त्यातून मी जर्मनचं व्याकरण शिकवत होते.

पण लिंग *जुळेल* असं समजू नका. सूर्य आपल्याकडे तो, तिकडे ती. शब्द लिहाल तो डेर-डी-डाससकट लिहा, नुसता शब्द म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

दुसरं, 'मला'. इंग्रजीत मी थंड असतो, मी आवडवतो. मराठीत मला थंडी वाजते, मला आवडतं. जर्मनमध्ये 'मीर इस्ट काल्ट', शब्दशः 'मला आहे थंड', आणि 'डास गेफेल्ट मीर', 'ते आवडतं मला'. चतुर्थी विभक्ती हा ज्याचा बाऊ केला जातो तो प्रकार बराचसा हा 'ला' आहे. इंग्रजीतून भाषांतर करून 'मी थंड आहे' असं जर्मनमध्ये म्हणालात, तर लोकांना तुम्ही रुक्ष स्वभावाच्या वाटाल.

आकडे. पंचवीस म्हणजे आधी पाच, मग वीस. जर्मनमध्येही 'फ्युन्फ-उंट-त्स्वान्त्सिश', पाच आणि वीस. इंग्रजी माध्यमातली मुलं फोन नंबर लिहिताना इथे उलटसुलट करतात. मनात मराठीत आकडा म्हणा, हात आपोआप बरोबर चालतो.

वेळ सांगण्यात तर आपलं नातंच निघतं. 'हाल्प द्राय', शब्दशः 'अर्धा तीन', म्हणजे अडीच, साडेतीन नव्हे. आपला अडीच हा शब्दही 'अर्धतृतीय' वरून आलाय: दोन पूर्ण, तिसरा अर्धा. विचार एकच. दीडला ते 'आन्डर्टहाल्प' म्हणतात, दुसरा अर्धा. श्वेबिश लोक आणखी पुढे जातात आणि सव्वादोनला 'फिअर्टल द्राय', पाव तीन, म्हणतात. म्हणजे तिसऱ्या तासाचा पाव भाग झाला. हे सव्वातीन समजून मी एकदा तासभर उशिरा पोचलेय. 'द्रायफिअर्टल द्राय' मात्र सोपं, पावणेतीन.

उच्चारात रोमनमधला झेड हा 'त्स' वाचतात. चांगला, चमचा यांतला च म्हणा, झालं. व्ही मात्र बहुतेकदा 'फ' असतो आणि डब्ल्यू 'व', हे पाठ करावंच लागतं.

लांबलचक शब्दांना घाबरू नका, आपण शाळेत समास सोडवलेत. 'क्रांकनहाउस' म्हणजे आजाऱ्यांचं घर. रुग्ण अधिक आलय. 'हान्टशू' म्हणजे हाताचा बूट, आपण हातमोजा म्हणतो, एवढाच फरक. शब्द मागून फोडा. शेवटचा तुकडा काय ते सांगतो आणि लिंगही त्याचंच लागतं.

मराठी जिथे पायात येते ते एकच ठिकाण सांगते. साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी हवं, आपल्यासारखं शेवटी नाही. पण 'कारण' किंवा 'की' ने जोडलेल्या उपवाक्यात ते शेवटी जातं, आणि मग घरी आल्यासारखं वाटतं.

पायरी ४: पोचल्यावरचे चौदा दिवस

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. सोबत घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. त्याचं नाव 'वोनुंग्स-गेबर-बेश्टेटिगुंग': घर, देणारा, दुजोरा. बघा, फुटला की नाही? या नोंदणीशिवाय पुढचं फारसं काही हलत नाही. करक्रमांक याच नोंदणीवरून पोस्टाने येतो, आणि पुढे राहण्याच्या परवान्यालाही ती लागतेच. मोठ्या शहरांत वेळ मिळायला उशीर होतो, म्हणून घर ठरल्या दिवशीच ऑनलाइन वेळ घ्या. आरोग्य विमा सक्तीचा आहे. सरकारी विम्यात तिशीपर्यंत विद्यार्थ्यांचा स्वस्त दर लागू होतो.

आता एक इतकी क्षुल्लक गोष्ट की कुणी सांगत नाही. पत्रपेटीवर तुमचं नाव लावा. पोस्टमन खोली क्रमांक बघत नाही, नाव बघतो. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं, त्यात तुमचं बँकेचं कार्ड असलं तरी. पहिल्याच संध्याकाळी, सामान उघडण्याआधी, कागदावर आडनाव लिहून चिकटवा. बेलवरही.

शनिवारी रात्रीपर्यंत वाणसामान भरा, रविवारी दुकानं बंद.

पायरी ५: पत्र

हा देश कागदावर चालतो. मला एका विमा कंपनीची तीन पत्रं आली. लोगो रंगीत, कागद गुळगुळीत, मला जाहिरात वाटली. चौथं पत्र साध्या कागदावर आलं आणि त्यात मूळ रकमेपेक्षा दंड धरून बराच मोठा आकडा होता. चूक माझीच, पण ती केवळ आळसाची नव्हती. पानभर जर्मन समोर आलं की डोकं 'नंतर बघू' म्हणतं, आणि ते नंतर येत नाही.

तेव्हापासूनची माझी रीत अशी. पत्र आलं त्याच दिवशी, चहा पिताना, फक्त चार शब्द शोधायचे. 'फ्रिस्ट' म्हणजे मुदत. 'माहनुंग' म्हणजे थकबाकीची ताकीद. 'क्युंडिगुंग' म्हणजे करार संपवण्याची नोटीस. 'उंटरश्रिफ्ट' म्हणजे सही, बहुधा तुमचीच हवी असते. यांतला एकही शब्द दिसला तर ते पत्र वर, टेबलावर. बाकी फाइलमध्ये. फोनमधलं भाषांतर वापरा, पण आधी स्वतः वाचा. सहा महिन्यांत पत्रांचं जर्मन बऱ्यापैकी कळू लागतं, कारण ती सगळी एकाच साच्यातली असतात, आपल्या तहसीलदार कचेरीतल्यासारखी.

पायरी ६: विद्यापीठात

स्टुटगार्ट विद्यापीठाची आवारं दोन, एक शहराच्या मध्यभागी आणि एक फाइहिंगन या उपनगरात. तास कुठे आहे ते आदल्या रात्री बघा. वेळापत्रकात वेळेपुढे 'सी. टी.' असेल तर तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो, 'एस. टी.' असेल तर ठोक्याला. तास संपल्यावर मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांनी टकटक करतात. परीक्षेला स्वतः पोर्टलवर नाव नोंदवायचं. मुदत गेली तर गेली, लेट फी भरून काम होईल या आशेवर राहू नका.

विद्यार्थी एकमेकांना 'डू', म्हणजे तू, म्हणतात. प्राध्यापकांना 'झी', म्हणजे तुम्ही. यात मराठी माणसाला शिकण्यासारखं फारसं नाही. एवढंच, की 'डू' वर यायचं आमंत्रण मोठ्याने द्यायचं असतं, आपण होऊन घसरायचं नसतं.

पायरी ७: बोलायला लागणं

तुम्ही अडखळलात की समोरचा लगेच इंग्रजीत येतो. तो मदतच करत असतो, पण तुमचं जर्मन तिथेच मरतं. एक वाक्य पाठ करून ठेवा: 'इश लेर्न नोख, बिट्ट आउफ डॉइच', मी अजून शिकतेय, कृपया जर्मनमध्ये. मला कुणी नाही म्हटलेलं आठवत नाही. विद्यापीठाच्या भाषा केंद्रात नाव घाला, शिवाय टँडेमचा जोडीदार शोधा: अर्धा तास त्याची भाषा, अर्धा तास तुमची. माझी टँडेम जोडीदारीण योग शिकवायची आणि तिला आसनांची नावं नीट म्हणायची होती. तिला ण आणि ळ शिकवताना मला कळलं की जर्मन 'ऊ' चा तो चंबू केलेला प्रकार तिने मला तीन महिने किती सोसून शिकवला होता.

खरा बदल मात्र शब्दांत नव्हता. एका प्रकल्पात गटातल्या मुलाने विचारलं, शुक्रवारपर्यंत आकडेमोड होईल? मी म्हणाले, 'बघते, प्रयत्न करते.' आपल्याकडे याचा अर्थ लहान मुलालाही कळतो: होणार नाही. त्याने वहीत लिहिलं: शुक्रवार, आणि माझं नाव. शुक्रवारी मला जी लाज वाटली ती अजून आठवते. तो रागावला नाही, फक्त विचारलं, 'मग नाही असं का नाही म्हणालीस?' उत्तर जर्मनमध्ये नव्हतं, इंग्रजीतही नव्हतं. मराठीत होतं, पण ते त्याला सांगून उपयोग नव्हता.

त्यानंतर मी 'नाइन', म्हणजे नाही, म्हणायला शिकले. जर्मनमध्ये मी थोडी वेगळी मुलगी आहे: कमी शब्दांची, जास्त सरळ. सुरुवातीला ते शब्दसंग्रह कमी म्हणून होतं, पुढे सवय झाली. याची किंमतही आहे. सुट्टीत कुडाळला आले, मावशीने जेवायला थांब म्हटलं, मी 'नको' म्हटलं आणि खरंच निघाले. मावशी दोन दिवस आईशी नीट बोलली नाही. तीनदा नको म्हणून चौथ्यांदा पाटावर बसायचं असतं, हे मी विसरलेच होते.

गणपतीत मराठी मंडळी जमतात, जरूर जा, मोदक खा, रडू आलं तर रडा. फक्त घर शोधताना शक्यतो चारही मराठी एकत्र राहू नका. पहिल्या वर्षी तो मोह फार होतो आणि मग वर्षभर जर्मन फक्त तिकीट तपासनीसाशी बोललं जातं.

पायरी ८: जिना

श्वेबिश भागात 'केअरवोख' असते. केर काढायचा आठवडा. घराच्या दाराला पाटी लटकते आणि त्या आठवड्यात जिना आणि घरासमोरची वाट झाडायची पाळी तुमची. आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला लावायची. पाटी दिसल्यावर गूगल करत बसू नका, झाडू घ्या. खालच्या मजल्यावरच्या आजींशी माझं पहिलं खरं संभाषण याच पायऱ्यांवर झालं. वर्गातल्या सहा महिन्यांत मिळाले नव्हते इतके शब्द त्यांनी मला झाडू, सुपली, कोपरा आणि 'असं नाही, इकडून' यांवरून दिले, सगळे श्वेबिशमध्ये. नंतरच्या परीक्षेत त्यातले दोन चुकीचे धरले गेले.

त्याच आठवड्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. हातात झाडू बघून ती म्हणाली, 'जर्मनीला जाऊन जिना झाडतेस?'

'हो, आणि वरून शेजारीणबाई बघतायत.'

आई क्षणभर थांबली. 'मग कोपरे नीट काढ,' म्हणाली.